जीआरई शब्दसंग्रह-अध्ययन (गोवा)

अमेरिकेतील व अन्य काही देशांतील पदव्युत्तर प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या जीआरई (ग्रॅज्युएट रेकॉर्ड एक्झामिनेशन) परीक्षेच्या भाषिक विभागाची तयारी म्हणून केलेला अवघड इंग्रजी शब्दांचा अभ्यास. विद्यार्थी याला ‘वर्ड लिस्ट करणे’ म्हणतात. याद्या घोकण्याची रीत सर्वपरिचित असल्याने येथे तिचा विस्तार केलेला नाही.

परीक्षेचा आरंभ सामान्यतः १९३६ मध्ये मानला जातो. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या ईटीएस (एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस) या संस्थेकडे पुढे तिचे संचालन गेले. ऑगस्ट २०११ पूर्वी विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्यांचे साम्य असे सुट्या शब्दांवरचे प्रश्न असत. सुमारे ३,५०० शब्दांच्या जाडजूड याद्या त्या काळातल्या. आता वाक्यातील रिकाम्या जागा भराव्या लागतात. एका प्रकारात सहा पर्यायांतून वाक्याला समान अर्थ देणारे दोन शब्द निवडायचे असतात. सप्टेंबर २०२३ पासून भाषिक विभागात २७ प्रश्न असून त्यांना ४१ मिनिटे मिळतात. त्यामुळे शब्दाचा प्रतिशब्द पाठ असणे पुरेसे नाही, त्याची छटा कळावी लागते.

गोव्यात मराठी किंवा कोंकणी माध्यमातून चौथीपर्यंत शिकून पाचवीपासून इंग्रजीकडे वळण्याचा प्रघात रुळलेला आहे. अशा विद्यार्थ्याला फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात पोचेपर्यंत इंग्रजी पाठ्यपुस्तकांचा सराव झालेला असतो; पण ‘परफंक्टरी’ (उरकल्यासारखे) किंवा ‘लॅकॉनिक’ (मोजक्या शब्दांतले) हे शब्द यंत्रशास्त्राच्या पुस्तकात सहसा भेटत नाहीत.

धातूंवरून, म्हणजे शब्दांच्या मुळांवरून, शब्द ओळखण्याच्या पद्धतीला येथे दुहेरी आधार आहे. पहिला संस्कृतचा: ‘नाम’ आणि लॅटिन ‘नोमेन’ सजातीय, म्हणजे एकाच मुळातून आलेले, असल्याने ‘मिसनोमर’ (चुकीचे नाव), ‘इग्नोमिनी’ (नाचक्की) हे शब्द एका ओळीत बसतात, ‘ज्ञा’ धातूशी ‘कॉग्निझंट’ (जाणीव असलेला), ‘प्रॉग्नोसिस’ (पुढील स्थितीचा अंदाज) जोडता येतात. दुसरा पोर्तुगीजचा. १९६१ नंतर ती शिक्षणाचे माध्यम राहिली नाही, तरी काही शाळांत व गोवा विद्यापीठात शिकवली जाते. तिच्यातील ‘लुक्वाश’ (बडबड्या), ‘सगाश’ (चाणाक्ष), ‘आउदाश’ (धाडसी) ही विशेषणे इंग्रजीत अनुक्रमे लोक्वेशस, सगेशस, ऑडेशस होतात. नियम इतका सरळ की एकदा कळला की डझनभर शब्द फुकटात पदरी पडतात. फसगतही होते. पोर्तुगीज ‘इश्किझितु’ म्हणजे विचित्र, इंग्रजी ‘एक्स्क्विझिट’ म्हणजे अत्यंत नाजूक, सुंदर. ‘प्रेतेंदेर’ म्हणजे इरादा असणे. इंग्रजी ‘प्रिटेंड’ म्हणजे सोंग करणे.

व्युत्पत्तीचा वाद ‘मँडरिन’ या शब्दाबाबत विशेष आहे. वजनदार सरकारी अधिकारी या अर्थाचा हा शब्द पोर्तुगीज ‘मांदार’, म्हणजे आज्ञा करणे, यावरून आला असे मत पूर्वी प्रचलित होते. दुसऱ्या मतानुसार तो मलय ‘मेंतरी’मार्फत संस्कृत ‘मंत्रिन्’पर्यंत जातो, आणि आधुनिक कोशांचा कल याच मताकडे आहे. ‘मांदार’चा प्रभाव फार तर शब्दाच्या रूपावर पडला असावा. ‘फेटिश’ची वाट अधिक स्पष्ट आहे: पोर्तुगीज ‘फैतीसु’, म्हणजे चेटूक, त्यामागे लॅटिन ‘फाक्तिसियुस’, म्हणजे घडवलेले. याच लॅटिन शब्दापासून परीक्षेच्या याद्यांत दिसणारा ‘फॅक्टिशस’, म्हणजे कृत्रिम, हाही आला; दोन्ही एकत्र लक्षात ठेवणे सोयीचे पडते. अशा शब्दांच्या अभ्यासात आसगाव येथे जन्मलेले मोन्सिन्योर (कॅथलिक धर्मगुरूंची एक सन्मानपदवी) सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो (१८५५–१९२२) यांचा पोर्तुगीज-आशियाई शब्दांचा दोन खंडांचा कोश (१९१९, १९२१) आजही मोलाचा आहे. परीक्षार्थी तो उघडत असतील असे नव्हे.

धातू हा मात्र अंदाजाचा आधार आहे, अर्थाची हमी नव्हे. ‘एनॉर्मिटी’ याचा रूढ अर्थ प्रचंडपणा नसून घोर दुष्टपणा, हे धातूवरून कळत नाही; त्यासाठी वाक्य वाचावेच लागते. या दृष्टीने इंग्रजी दैनिकांचे अग्रलेख आणि पणजीच्या पाटो भागातील, १८३२ मध्ये सुरू झालेल्या मध्यवर्ती ग्रंथालयातील नियतकालिके यादीपेक्षा अधिक उपयोगी ठरावीत.

उजळणीसाठी शब्द लिहिलेल्या कार्डांची, कप्पे असलेली पेटी वापरतात. चुकलेला शब्द पहिल्या कप्प्यात परत, बरोबर आलेला पुढच्या कप्प्यात. ही रचना १९७२ मध्ये जर्मन लेखक झेबास्टियान लाइटनर यांनी मांडली. मोबाइलवरील उजळणीची अनेक ॲप याच तत्त्वाने शब्द पुन्हा समोर आणतात.