वैयक्तिक माहितीचे संरक्षण (कोकणातील बिगरसरकारी संस्था)

सभासदांचे वा लाभार्थींचे मोबाइल क्रमांक, आधार, बँक खाते, आजारपण अशी माहिती संस्थेने कशासाठी घ्यावी, कोणाला दाखवावी आणि केव्हा नष्ट करावी, याची व्यवस्था. रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत अशी माहिती मुख्यतः मच्छीमार सहकारी संस्था, सार्वजनिक न्यास आणि मुंबईकर चाकरमान्यांची ग्राममंडळे यांच्याकडे साठते.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमती व सुरक्षेच्या मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली. संस्था नफ्यासाठी चालत नाही एवढ्यावर सूट नाही. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागते. त्या अनुसूचीत मराठी व कोंकणी आहेत, मालवणी स्वतंत्रपणे नाही.

हा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. कपाटातली वही त्याबाहेर राहते, मात्र संस्थेने तिच्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की ती माहिती त्याच्या कक्षेत येते. कोकणात खरी गळती इथेच होते. मच्छीमारांच्या डिझेल परताव्याची यादी, खाते क्रमांकांसकट, ‘आपलं नाव बघून घ्या’ म्हणून गटावर येते. सचिवाच्या मनात वाईट काही नसते. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, मग लपवायचे काय, असा हिशेब असतो. पण त्याच गटात व्यापारी, सावकार आणि पतसंस्थेचा वसुली अधिकारीही असतात.

निसर्ग (३ जून २०२०) किंवा तौक्ते (मे २०२१) यांसारख्या वादळांनंतर मदतीच्या याद्या घाईत होतात आणि हाती येईल त्याची झेरॉक्स घेतली जाते. ताडपत्री द्यायला आधार क्रमांक लागत नाही. नाव, वाडी आणि सही पुरते. ओळख पटवणे भागच असेल तर शेवटचे चारच अंक दिसणारे ‘मास्क्ड आधार’ घेता येते. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेताना पालकांची पडताळलेली संमती हवी.

माहिती गहाळ होऊ न देणे हाही संरक्षणाचाच भाग. नियमांत बॅकअपचा उल्लेख आहे. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण बाजारपेठ बुडाली, तशा ठिकाणी तळमजल्यावरचा एकच संगणक भरवशाचा नव्हे. माहिती फुटल्यास संबंधित व्यक्तींना व या कायद्याखालील डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवावे लागते, आणि मंडळाला सविस्तर तपशील ७२ तासांत द्यावा लागतो.

कार्यकारिणी बदलताना शिक्का, चेकबुक आणि दप्तर रीतसर सोपवले जाते. याद्या मात्र जुन्या सचिवाच्या फोनमध्ये राहतात. त्या पुसल्याची नोंद हस्तांतराच्या कागदावरच घेणे सोयीचे.