प्रशिक्षक किती चांगला, हे मोजायचं कसं?

बास्केटबॉल हा खेळ ज्यांनी शोधून काढला, ते डॉ. जेम्स नेस्मिथ अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे पहिले प्रशिक्षक. 1898 ते 1907 या काळात त्यांच्या संघानं 55 सामने जिंकले आणि 60 हरले. कॅन्ससच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात जिंकल्यापेक्षा हरलेले सामने जास्त असलेला प्रशिक्षक एकच, आणि तो म्हणजे खुद्द खेळाचा जनक. त्यांचेच शिष्य फॉग ॲलन यांनी पुढं त्याच कॅन्ससला 590 सामने जिंकून दिले. आता नेस्मिथना बास्केटबॉल कमी कळत होतं, असं म्हणायचं का?

म्हणवत नाही. विजयांच्या आकड्यात प्रशिक्षक एकटा नसतो. खेळाडूंची गुणवत्ता, कॉलेजचा पैसा आणि नावलौकिक, समोरचे संघ आणि नशीब, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. खरा प्रश्न असा आहे: तेच खेळाडू, तेच प्रतिस्पर्धी, पण प्रशिक्षक दुसरा असता, तर काय झालं असतं? नव्या औषधाची परीक्षा घेताना रुग्णांचे दोन गट करता येतात. इथं मात्र झालेला हंगाम पुन्हा खेळवता येत नाही. म्हणून संख्याशास्त्रज्ञांना आडवाटेनं जावं लागतं, आणि मला त्या आडवाटाच फार आवडतात.

पहिली अडचण तशी सोपी. काही संघ धावपळीचा खेळ करतात, काही चेंडू घोळवत राहतात. सामन्यात 85 गुण करणारा संघ 65 गुण करणाऱ्यापेक्षा चांगला असेलच असं नाही. त्याच्या हाती चेंडूच जास्त वेळा आला असेल. म्हणून सामन्यामागे गुण मोजण्याऐवजी चेंडूच्या दर 100 ताब्यांमागे किती गुण केले आणि किती दिले, हे पाहतात. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे प्रशिक्षक डीन स्मिथ हा हिशोब संगणक सर्रास वापरात येण्याआधीपासून ठेवत. हवामान खात्यात काम केलेल्या केन पॉमेरॉय यांनी पुढं त्यात प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीची दुरुस्ती घातली. दुबळ्या संघाला 30 गुणांनी हरवणं आणि बलाढ्य संघाला दोन गुणांनी हरवणं, हे दोन्ही मग एकाच तराजूत तोलता येतं.

नशिबाचा हिशोब मात्र इतका सरळ नाही. मार्च महिन्यात कॉलेज संघांची राष्ट्रीय स्पर्धा होते. 68 संघ असतात, एक सामना हरला की घरी. बहुतेक संघांना विजेतेपदासाठी ओळीनं सहा सामने जिंकावे लागतात. समजा, एखादा संघ इतका भारी आहे की प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता 85 टक्के आहे. सहाही जिंकण्याची शक्यता किती? 0.85 ला सहा वेळा गुणा. उत्तर येतं जेमतेम 38 टक्के. म्हणजे देशातला सगळ्यात चांगला संघसुद्धा बहुतेक वेळा रिकाम्या हातानं परतणार, आणि लोक प्रशिक्षकाला दोष देणार.

व्हर्जिनिया विद्यापीठाचे तेव्हाचे प्रशिक्षक टोनी बेनेट यांचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखं आहे. स्पर्धेचे चार विभाग असतात आणि प्रत्येकात संघांना ताकदीनुसार 1 ते 16 मानांकनं देतात. 2018 पर्यंत पुरुषांच्या या स्पर्धेत अव्वल मानांकित संघ सोळाव्या मानांकनाच्या संघाशी 135 वेळा भिडला होता आणि 135 वेळा जिंकला होता. 136 व्या वेळी हरला तो बेनेट यांचा व्हर्जिनिया. तोही थोडाथोडका नाही, 54–74 असा. प्रतिस्पर्ध्यांना वर्षभर देशात सगळ्यात कमी गुण देणारा तो संघ होता. ‘यांची संथ पद्धत मोठ्या स्पर्धेत चालत नाही,’ असं लोक म्हणू लागले. पुढच्याच वर्षी उपांत्य सामन्यात ऑबर्नविरुद्ध व्हर्जिनिया 60–62 असा मागं होता. 0.6 सेकंद उरली असताना तीन गुणांचा फटका मारणाऱ्या काइल गायवर फाउल झाला. त्याला तीन फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता करायच्या एकेका गुणाच्या फेकी, मिळाल्या. तिन्ही आत गेल्या, 63–62. दोन दिवसांनी जादा वेळेत टेक्सास टेकला हरवून व्हर्जिनिया राष्ट्रीय विजेता झाला. प्रशिक्षक तोच, पद्धत तीच, मुलंही बरीचशी तीच. त्या तीनपैकी दोन फेकी रिंगवरून बाहेर उडाल्या असत्या, तर बेनेट वाईट प्रशिक्षक ठरले असते का?

नशीब असं वर-खाली करत असलं की आणखी एक फसगत होते. संघाचा अगदी वाईट हंगाम गेला की प्रशिक्षकाची हकालपट्टी होते. पण अगदी वाईट हंगामात थोडं दुर्दैवही मिसळलेलं असतं, आणि दुर्दैव दरवर्षी तेवढंच येत नाही. पुढच्या वर्षी संघ जरा सुधारतो, तो बहुधा तसाही सुधारलाच असता. श्रेय मात्र नव्या माणसाला मिळतं. अमेरिकन फुटबॉलच्या कॉलेज संघांवर ॲडलर, मायकल बेरी आणि डोहर्टी यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमकं हेच तपासलं. प्रशिक्षक काढलेले आणि तितकेच वाईट खेळूनही प्रशिक्षक न काढलेले संघ त्यांनी शेजारी ठेवले. तळाच्या संघांना बदलाचा फारसा फायदा झाला नव्हता. मधल्या फळीतल्या संघांची तर बदलानंतर उलट पीछेहाटच दिसली.

ड्यूक विद्यापीठाचे माइक शशेव्हस्की यांचे पहिले तीन हंगाम पाहा: 38 विजय, 47 पराभव. 1983 मध्ये तिसऱ्या हंगामाचा शेवट 43 गुणांनी हरून झाला. त्यांना काढा म्हणून ओरड झाली, पण क्रीडा संचालक टॉम बटर्स यांनी त्यांना ठेवलं. 2022 मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा पाच राष्ट्रीय विजेतेपदं आणि एकूण 1,202 विजय त्यांच्या नावावर होते. अर्थात हे एकच उदाहरण आहे. ज्यांना ठेवलं आणि तरी काही झालं नाही, त्यांची नावं आपल्या लक्षात राहत नाहीत, म्हणून मी त्यावर फार भिस्त ठेवत नाही.

मग प्रशिक्षकामुळं फरक पडतो तरी का? शिकागो विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर बेरी आणि अँथनी फाउलर यांनी यासाठी एक सुंदर युक्ती वापरली. एका कॉलेजचे समजा चाळीस हंगाम घ्या. कोणत्या वर्षी कोण प्रशिक्षक होता हे त्यापुढं लिहा आणि हंगामांमधला चढउतार प्रशिक्षकांच्या नावांवरून किती उलगडतो ते मोजा. आता प्रत्येकाची सलग वर्षं एकत्रच ठेवून पत्ते पिसावेत तशी ती नावं पिसा, भलत्याच वर्षांपुढं भलतेच प्रशिक्षक लावा आणि पुन्हा मोजा. असं हजारो वेळा करा. प्रशिक्षकामुळं काहीच फरक पडत नसेल, तर खरी मांडणी आणि पिसलेली मांडणी सारखीच निघेल. पण खऱ्या मांडणीत चढउतार जास्त उलगडला, तर तो जास्तीचा भाग प्रशिक्षकाचा. व्यावसायिक आणि कॉलेज अशा बऱ्याच खेळांत त्यांचं उत्तर साधारण 20 ते 30 टक्क्यांच्या आसपास आलं. मला हा आकडा लहान वाटत नाही. डझनभर पोरं मैदानात घाम गाळत असताना कडेला उभ्या असलेल्या एका माणसाचा हा वाटा आहे.

कॉलेजात या वाट्यात एक गोष्ट आणखी येते. व्यावसायिक संघात खेळाडू आणायला व्यवस्थापन असतं. इथं शाळकरी मुलांच्या घरी जाऊन, आईवडिलांशी बोलून खेळाडू मिळवणं हे प्रशिक्षकाचंच काम. म्हणून ‘त्याला खेळाडूच चांगले मिळाले’ हा आक्षेप अर्धाच खरा. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉन वुडन यांनी 1964 ते 1975 या बारा वर्षांत दहा विजेतेपदं मिळवली. त्यांच्याकडं ल्यू अल्सिंडर, म्हणजे पुढचे करीम अब्दुल-जब्बार, आणि बिल वॉल्टन होते, हे सगळे सांगतात. पण मोजून पाहा: त्या दोघांच्या काळातली विजेतेपदं पाच, त्यांच्याशिवायचीही पाच. शिवाय पहिलं विजेतेपद आलं ते वुडन यांच्या तिथल्या सोळाव्या हंगामात. दुसऱ्या बाजूनं हेही मांडायला हवं की 1975 सोडलं तर त्यांना चारच सामने जिंकावे लागत. वर घेतलेल्या 85 टक्केवाल्या संघाची शक्यता चार सामन्यांत 52 टक्के होते. वुडन आणि आजचे प्रशिक्षक यांची विजेतेपदं नुसती मोजून तुलना करणं म्हणूनच मला पटत नाही.

हेच वुडन हंगामाच्या पहिल्या दिवशी मुलांना पायमोजे घालायला शिकवत. अंगठ्यापाशी आणि टाचेपाशी हात फिरवून प्रत्येक चुणी काढायची, मगच बूट, मगच नाडी. चुणी राहिली तर फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. टाचेवरची ती चुणी कोणत्याच तक्त्यात सापडणार नाही, पण त्या 20 ते 30 टक्क्यांत ती कुठंतरी असणार, असं मला मनापासून वाटतं.

2021 पासून खेळाडूंना एक वर्ष बाहेर न बसता कॉलेज बदलता येऊ लागलं आहे. संशोधकांसाठी ही मोठीच सोय, कारण एकच खेळाडू आता दोन प्रशिक्षकांच्या हाताखाली पाहायला मिळतो. पण 2024 मध्ये जॉन कॅलिपारी केंटकी सोडून आर्कान्सॉला गेले, तेव्हा त्यांचे काही खेळाडूही त्यांच्यामागून तिकडं गेले. अशा वेळी आर्कान्सॉच्या विजयातलं किती त्यांचं आणि किती त्या मुलांचं, हा गुंता पुन्हा पहिल्यासारखाच उरतो.