मॅकी, जॉन

मॅकी, जॉन : (२४ सप्टेंबर १९४१ – ६ जुलै २०११). अमेरिकन फुटबॉलमधील ‘टाइट एंड’ या जागेवर खेळलेले नामवंत खेळाडू, व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष आणि ‘मॅकी विरुद्ध नॅशनल फुटबॉल लीग’ (१९७६) या खटल्यातील प्रमुख वादी. त्यांचे बालपण न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडवर, एका बाप्टिस्ट धर्मोपदेशकाच्या घरात गेले. हेम्पस्टेड येथील शाळेतून ते सिराक्यूस विद्यापीठात आले व प्रशिक्षक बेन श्वार्ट्झवॉल्डर यांच्या हाताखाली खेळले. तेथे त्यांच्या खोलीत राहणारा सोबती होता अर्नी डेव्हिस. महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च मानली जाणारी हाइसमन ट्रॉफी मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू (१९६१). व्यावसायिक सामना खेळण्याआधीच मे १९६३ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले. त्याच वर्षी नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्ट) मॅकींना बाल्टिमोर कोल्ट्स संघाने दुसऱ्या फेरीत निवडले आणि त्यांची व्यावसायिक कारकीर्द सुरू झाली.

मॅकींचे स्थान ठरवायचे तर टाइट एंड ही जागा कशी घडली हे पाहावे लागते, आणि त्याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. आक्रमण करणाऱ्या संघाच्या पुढच्या फळीच्या दोन्ही टोकांना एकेक खेळाडू उभा असे. त्याला नुसतेच ‘एंड’ म्हणत. टोकाचा खेळाडू ही कल्पना त्यामुळे खेळाइतकीच जुनी आहे. १९४० च्या दशकात चेंडू फेकण्याच्या डावांना महत्त्व आले, तसा एका टोकाचा एंड फळीपासून दूर, मैदानाच्या कडेकडे सरकला. दुसरा मात्र फळीतील शेजारच्या खेळाडूच्या (‘टॅकल’) खांद्याला खांदा लावून राहिला. ‘टाइट’ हे विशेषण त्या लगटून उभे राहण्यावरून आले, आणि ते रुळले १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात किंवा त्यानंतर लगेच, असे धरायला हरकत नाही. यामागे नियमांचाही हात आहे. १९५० पासून खेळाडू हवे तितक्या वेळा बदलण्याची मुभा कायमची मिळाली. एकच माणूस आक्रमणात आणि बचावात दोन्हीकडे खेळण्याची गरज संपली व एकेका जागेची स्वतंत्र कारागिरी वाढीला लागली. तरीही टाइट एंडकडे दुहेरी काम उरलेच : धावणाऱ्या साथीदारासाठी समोरच्याला अंगाने रेटून वाट मोकळी करायची, आणि पुढच्याच डावात स्वतः सुटून चेंडू झेलायचा. एका कामाला वजन लागते, दुसऱ्याला वेग.

या जागेचा पहिला खरा मानकरी कोण, यावर दोन मते प्रमुख आहेत. ग्रीन बे पॅकर्सच्या रॉन क्रेमर यांना काही जण हा मान देतात. प्रशिक्षक व्हिन्स लोंबार्डी यांचा कडेने वळसा घेणारा प्रसिद्ध धाव-डाव क्रेमर बचावपटूला कसे अडवतात यावर उभा होता. दुसरा पक्ष शिकागो बेअर्सच्या माइक डिटका यांचा. १९६१ या पहिल्याच हंगामात त्यांनी ५६ झेल, त्यांतून १,०७६ यार्डांची आगेकूच आणि १२ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या हद्दीत नेऊन गुण मिळवणे) अशी नोंद केली. टाइट एंडकडून तोवर कोणी इतकी अपेक्षा केलेली नव्हती. क्रेमर यांचा दावा अडवण्याच्या कामावर आणि डिटका यांचा झेलण्याच्या कामावर उभा असल्यामुळे हा वाद मुळात व्याख्येचा आहे. दुहेरी काम हीच व्याख्या धरली तर डिटका यांच्याकडे कल झुकतो. मॅकींना मात्र या वादात ओढू नये. ते आद्य टाइट एंड नव्हेत. त्यांच्याआधी टाइट एंड चेंडू झेले तो बहुधा आठ-दहा यार्डांवर, गर्दीत, आणि तिथेच खाली पडे. मैदानाच्या मध्यातून आरपार पळून थेट टचडाउन करण्याची धास्ती त्या जागेला मॅकींनी मिळवून दिली.

हे आकड्यांतही दिसते. १९६३ च्या पहिल्या हंगामात ३५ झेलांत ७२६ यार्ड, म्हणजे झेलामागे वीस यार्डांहून अधिक सरासरी आणि ७ टचडाउन. त्या वर्षी प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी त्यांची निवड झाली. पुढे १९६५ ते १९६८ अशी ओळीने चार वर्षे ती होत राहिली. १९६६ हे त्यांच्या खेळाचे शिखर. त्या हंगामातील ९ टचडाउनपैकी ६ पन्नास यार्डांहून लांबचे होते. सर्वांत छोटे ५१ यार्डांचे आणि सर्वांत मोठे ८९ यार्डांचे. सव्वासहा फुटांच्या आसपास उंची आणि शंभर किलोंच्या वर वजन असलेल्या माणसाने हे करावे याचे तेव्हाच्या बचावपटूंना काय वाटले असेल, याची कल्पना डेट्रॉइट लायन्सविरुद्धच्या ६४ यार्डांच्या टचडाउनवरून येते. त्याचे चित्रण उपलब्ध आहे. क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू) जॉनी युनायटस यांचा छोटासा पास मॅकी झेलतात, आणि मग एकामागून एक निळे सदरे त्यांच्यावर झेपावतात. कोणी कमरेला मिठी मारतो, कोणी पायाशी लोळण घेतो, कोणी खांद्यावर आदळून बाजूला फेकला जातो. दोघे तर एकमेकांवरच कोसळतात. मॅकी अडखळतात, सावरतात आणि सुटतात. किती जणांचे हात त्यांना लागले याची मोजणी वेगवेगळी सांगितली जाते. आकडा कोणताही घेतला तरी ही धाव पुन्हापुन्हा पाहावी अशीच आहे.

संपूर्ण कारकिर्दीत ३३१ झेल, ५,२३६ यार्ड व ३८ टचडाउन ही त्यांची जमा आहे. पुढच्या काळातील टाइट एंडपुढे ती लहान दिसते. टोनी गोन्झालेझ यांचे झेल १,३२५ आहेत. अशी तुलना करताना मॅकींच्या काळी हंगाम १४ सामन्यांचा होता आणि बचावपटूंना झेलणाऱ्यास अडवण्याची मोकळीक पुष्कळ होती, हे लक्षात घेतले पाहिजे. झेलामागची १५.८ यार्डांची सरासरी हे अधिक बोलके माप आहे. दहा वर्षांत त्यांचा केवळ एक सामना चुकला.

१९६८ मध्ये कोल्ट्सनी १४ पैकी १३ सामने जिंकले आणि लीगच्या अंतिम सामन्यात क्लीव्हलंडला ३४–० असे लोळवले. मात्र जानेवारी १९६९ मधील सुपर बोल, म्हणजे दोन प्रतिस्पर्धी लीगच्या विजेत्यांमधील सामना, त्यांनी न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध ७–१६ असा गमावला. त्याची भरपाई १७ जानेवारी १९७१ रोजी मायामी येथे झाली. पाचव्या सुपर बोलमध्ये डॅलस काउबॉइज ६–० असे पुढे असताना युनायटस यांनी एडी हिंटन याच्याकडे चेंडू फेकला. तो हिंटनच्या बोटांना लागून उडाला, मागे डॅलसचा मेल रेन्फ्रो होता त्याच्यापाशी गेला आणि तेथून मॅकींच्या हातात पडला. ते ७५ यार्डांचे टचडाउन ठरले. तेव्हाच्या नियमानुसार आक्रमक संघाच्या एका खेळाडूचा हात लागलेला चेंडू, मध्ये बचावपटूचा स्पर्श झाल्याशिवाय, त्याच संघाच्या दुसऱ्याला झेलता येत नसे. म्हणजे रेन्फ्रोचे बोट चेंडूला लागले की नाही यावर सगळे अवलंबून होते. डॅलसने ते लागले नसल्याचा दावा केला. पंचांनी लागल्याचा निर्णय दिला. चेंडूची दिशा पाहता पंचांचा निर्णय बरोबर वाटतो. १९७८ मध्ये हा नियमच रद्द झाला. कोल्ट्स तो सामना अखेरच्या सेकंदांत जिम ओब्रायन याच्या किकवर १६–१३ असा जिंकले.

१९७२ चा हंगाम मॅकी सॅन डिएगो चार्जर्सकडून खेळले आणि निवृत्त झाले.

खेळाडू म्हणून हे एवढे पुरेसे झाले असते. परंतु १९७० मध्ये दोन प्रतिस्पर्धी लीगचे विलीनीकरण झाले, त्यांच्या खेळाडू-संघटनाही एकत्र आल्या आणि या संयुक्त संघटनेचे पहिले अध्यक्षपद मॅकींकडे आले. त्याच उन्हाळ्यात खेळाडूंनी अल्पकाळ संप केला व निवृत्तिवेतन आणि विम्याच्या लाभांत वाढ मिळवली. भर कारकिर्दीतील, अव्वल दर्जाच्या, शिवाय कृष्णवर्णीय खेळाडूने मालकांसमोर बसून वाटाघाटी करणे हे त्या काळी जोखमीचे काम होते. मॅकींनी ते १९७३ पर्यंत केले.

खरा झगडा ‘रोझेल नियमा’चा होता. करार आणखी एक वर्ष वाढवण्याचा पर्याय संघाकडे राखलेला असे. ते वर्ष खेळून संपवले की खेळाडू कागदोपत्री मोकळा होई. मात्र त्याला घेणाऱ्या नव्या संघाने जुन्या संघाला भरपाई द्यावी, आणि दोघांचे जमले नाही तर लीगचे आयुक्त पीट रोझेल यांनी आपल्या मर्जीने खेळाडू किंवा नवोदितांच्या निवडीचे हक्क भरपाई म्हणून द्यावेत, असा हा नियम. आर. सी. ओवेन्स हा खेळाडू सॅन फ्रान्सिस्को सोडून कोल्ट्सकडे आला, त्यानंतर १९६३ मध्ये तो करण्यात आला. मॅकी याच संघात याच वर्षी दाखल झाले, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे. आपल्याकडून काय काढून घेतले जाईल याचा अंदाजच येत नसल्याने कोणताही संघ मोकळ्या खेळाडूला हात लावायला धजत नसे. न्यायालयापुढे आलेल्या माहितीनुसार १९६३ ते १९७४ या काळात १७६ खेळाडूंनी पर्यायाचे वर्ष पुरे केले. त्यांतील फक्त ३४ जणांना दुसऱ्या संघाने घेतले. २७ प्रकरणांत संघांनी आपसांत भरपाई ठरवली, ३ मध्ये जुन्या संघाने ती सोडली आणि ४ मध्ये आयुक्तांनी ठरवून दिली. हे चार आकड्याने थोडे असले तरी बाकीच्यांना धाक बसायला पुरेसे होते.

मॅकी व इतर काही खेळाडूंनी मिनेसोटातील संघराज्य जिल्हा न्यायालयात मक्तेदारीविरोधी शर्मन कायद्याखाली (१८९०) दावा लावला. सुनावणी ५५ दिवस चालली व तिचे टिपण ११ हजार पानांवर गेले. न्यायाधीश अर्ल लार्सन यांनी डिसेंबर १९७५ मध्ये हा नियम मुळातच बेकायदा ठरवला. १९७६ मध्ये आठव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने निकाल कायम ठेवला, पण कारण बदलले. फुटबॉलमध्ये संघांना एकमेकांच्या साथीशिवाय धंदाच करता येत नाही. म्हणून असा निर्बंध पाहताक्षणी बेकायदा न म्हणता वाजवीपणाच्या कसोटीवर घासून पाहावा, असे न्यायालय म्हणाले. आणि घासल्यावरही नियम टिकला नाही. सरसकट सर्व खेळाडूंना लागू आणि मुदतीची मर्यादा नसलेला निर्बंध वाजवीपेक्षा जास्त होता.

निवाड्यातील अधिक टिकाऊ भाग वेगळाच आहे. हा नियम संघटनेशी झालेल्या सामूहिक करारांचा भाग असल्यामुळे त्याला कामगार कायद्याचे संरक्षण आहे आणि मक्तेदारीविरोधी कायदा लागूच होत नाही, असा लीगचा बचाव होता. न्यायालयाने अशा संरक्षणासाठी तीन अटी घातल्या : निर्बंधाचा परिणाम प्रामुख्याने करारातील पक्षांवरच व्हावा, विषय वेतन, कामाचे तास व सेवाशर्ती यांसारखा सक्तीच्या वाटाघाटींचा असावा, आणि तो मान्य झाला तो खऱ्याखुऱ्या, दोन्ही बाजू मोकळ्या असलेल्या वाटाघाटींतून. पहिल्या दोन अटी पुऱ्या झाल्या, तिसरी झाली नाही. १९६८ च्या करारात नियम केवळ लीगच्या घटनेच्या संदर्भाने आला होता, १९७० च्या करारात त्याचा उल्लेखही नव्हता, आणि त्याच्या बदल्यात खेळाडूंना काही मिळाल्याचे दिसले नाही. मिळालेल्या लाभांना त्याची किंमत म्हणता येणार नाही, असे न्यायालयाने मानले. ही ‘मॅकी कसोटी’ कायद्याच्या अभ्यासक्रमांत शिकवली जाते, जरी इतर काही न्यायालये पुढे निराळ्या वाटेने गेली. खेळाडूंच्या हाती मात्र लगेच फार पडले नाही. १९७७ च्या करारात संघटनेने भरपाईची दुसरी पद्धत मान्य केली आणि खरी मोकळीक मिळायला १९९३ उजाडले. त्यामुळे काही अभ्यासक हा विजय कागदावरचा मानतात. तो निष्कर्ष घाईचा वाटतो. लीगविरुद्धच्या १९९२ च्या खटल्यातील खेळाडूंचा विजय याच पायावर उभा होता.

व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये मॅकींचा समावेश १९९२ मध्ये झाला. डिटका (१९८८) यांच्यानंतर हा मान मिळवणारे ते दुसरे टाइट एंड. लीगच्या पन्नाशीनिमित्त निवडलेल्या संघात १९६९ मध्येच स्थान मिळालेल्या खेळाडूला, पात्रतेची मुदत संपत आली असताना, हा मान मिळावा याचे कारण अनेकांनी संघटनेच्या कामात शोधले आहे. तसा थेट पुरावा नाही, पण शंका रास्त आहे. कोल्ट्स संघ १९८४ मध्ये इंडियानापोलिसला नेण्यात आला होता. मॅकींनी सन्मानाची अंगठी तेथे स्वीकारायला नकार दिला आणि ती बाल्टिमोरच्या प्रेक्षकांसमोर घेतली.

अखेरच्या वर्षांत त्यांना मेंदूच्या पुढील व कडेच्या भागांना ग्रासणारा स्मृतिभ्रंश झाला. विमानतळावरील तपासणीत अंगठ्या काढायला सांगितल्या तेव्हा त्यांनी नकार दिला. त्या कोणी हिरावून घेत आहे असेच त्यांना वाटले, आणि सुरक्षारक्षकांना त्यांना धरून आवरावे लागले. निवृत्तिवेतनातून शुश्रूषेचा खर्च भागत नव्हता. पत्नी सिल्व्हिया मॅकी यांनी आयुक्त पॉल टॅग्लियाब्यू यांना पत्र लिहून ही अवस्था मांडली. त्यातून २००७ मध्ये लीग आणि संघटना यांनी मिळून स्मृतिभ्रंश झालेल्या माजी खेळाडूंसाठी योजना सुरू केली : संस्थेत ठेवल्यास वर्षाला ८८ हजार डॉलरपर्यंत आणि घरी शुश्रूषा केल्यास ५० हजारांपर्यंत. योजनेचे नाव ‘८८ प्लॅन’; हा मॅकींच्या सदऱ्यावरचा क्रमांक. निधन बाल्टिमोर येथे झाले. कुटुंबीयांनी त्यांचा मेंदू बॉस्टन विद्यापीठातील संशोधकांना दिला, आणि डोक्याला वारंवार बसलेल्या आघातांशी निगडित असा सीटीई हा ऱ्हासविकार त्यात आढळला.

महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्तम टाइट एंडला २००० पासून मॅकी यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो.