रंध्यावरचा बर्फ

तैवानची राजधानी तैपेईतल्या योंगखांग रस्त्याजवळच्या त्या किसलेल्या बर्फाच्या दुकानात आम्ही शिरलो तेव्हा ऑगस्टची दुपार होती आणि शर्ट पाठीला चिकटला होता. गल्ल्यामागच्या बाईंनी फ्रीझरमधून बर्फाच्या लादीचा तुकडा काढला, ओट्यावर ठेवला आणि त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. पाच मिनिटं गेली, सात गेली. बर्फाखाली पाण्याचं थारोळं साचू लागलं.

"विसरल्या वाटतं," मी म्हटलं.

"मामा, थांब ना," तिथंच शिकणारा भाचा म्हणाला. "घाम आल्याशिवाय त्या बर्फ किसत नाहीत."

घाम म्हणजे बर्फाला. फ्रीझरमधून निघालेल्या तुकड्यावर आधी पांढुरकी झाक असते. ती विरली, तुकडा काचेसारखा आरपार दिसू लागला, की मगच तो यंत्राखाली जातो. जपानमध्ये काकिगोरी, म्हणजे तिथला किसलेला बर्फ, विकणारेही हेच करतात. त्या दिवशी आमच्यासमोर आलेला बर्फ भुसभुशीत नव्हता, टोचणारा तर नव्हताच. पातळ पापुद्रे एकावर एक पडले होते आणि जिभेवर ठेवताक्षणी नाहीसे होत होते. सरबत तेच, आंबा तोच, पण सात मिनिटं आधी किसला असता तर त्याच लादीची वाळू झाली असती.

हे असं का होतं ते समजायला बर्फाकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहावं लागतं. आपल्या लेखी बर्फ म्हणजे थंडपणाची हद्द. पदार्थविज्ञानाच्या लेखी मात्र तो चांगलाच 'तापलेला' घन पदार्थ आहे. घरच्या फ्रीझरमधलं उणे १८ अंश तापमान निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे शक्य असलेल्या सर्वात कमी तापमानापासून, मोजलं तर २५५ अंश भरतं, आणि बर्फ वितळतो २७३ला. म्हणजे वितळबिंदूचा ९३ टक्के रस्ता त्यानं आधीच कापलेला असतो. लोखंडाला त्याच्या वितळबिंदूच्या इतक्या जवळ न्यायचं तर ते सुमारे १,४०० अंशांपर्यंत तापवावं लागेल. लोहाराच्या ऐरणीवर येतं त्याहूनही तप्त! उणे १८चा बर्फ अजून कडक आणि ठिसूळ असतो. पातं लागलं की त्याचे कण तडकून उडतात. शून्याच्या जवळ आला की त्याचे स्फटिक मऊ पडतात आणि पात्याखालून तुटण्याऐवजी सोलून निघतात. सुताराला विचारा, वाळून कडक झालेलं लाकूड आणि किंचित ओलसर लाकूड यांच्या ढलप्या सारख्या निघत नाहीत.

सुताराची आठवण उगाच नाही काढली. तैवानमध्ये या पदार्थाला बाओबिंग म्हणतात. त्यातला 'बिंग' म्हणजे बर्फ आणि 'बाओ' म्हणजे रंधा, रंधा मारणं. मुंबईतल्या जुन्या गोळेवाल्यांनाही हे नाव परकं वाटलं नसतं. उलटा ठेवलेला लाकडी रंधा, त्यावर गोणपाटात धरलेला बर्फ पुढे-मागे आणि खाली जमणारा चुरा हे दृश्य पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही आठवेल.

फरक पडतो तो त्यानंतर. गोळेवाला तो चुरा मुठीत दाबतो, मध्ये काडी खोचतो आणि गोळा तयार. बाओबिंगवाल्या बाई पापुद्र्यांना हात म्हणून लावत नाहीत. त्यांना हवा हवी असते, त्याला गठ्ठा.

चुरा दाबला की चिकटतो कसा? लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८५० साली हाच प्रश्न घेतला होता. बर्फाचे दोन ओले तुकडे एकमेकांना टेकवले की ते गोठून एकजीव होतात. फॅरडे यांचं म्हणणं असं, की शून्याखालीही बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो, आणि दोन पृष्ठभागांमध्ये सापडला की तो थर गोठतो. त्यांच्याच काळातले अभियंते जेम्स थॉमसन यांना हे पटलं नाही. त्यांच्या मते करामत दाबाची होती: दाबानं बर्फ वितळतो आणि दाब काढला की पुन्हा गोठतो. दाबानं वितळबिंदू खाली जातो हे खरंच आहे. पण तो एका अंशानं खाली आणायला वातावरणाच्या सुमारे १३५ पट दाब लागतो. गोळेवाल्याचा पंजा कितीही दणकट असला तरी तिथवर पोचणं कठीणच. पृष्ठभागावरच्या रेणूंना वरच्या बाजूला शेजारी नसतात, त्यामुळे ते आतल्या रेणूंसारखे घट्ट बसलेले नसतात आणि द्रवासारखे सैल वागतात, हे आज प्रयोगांनी दिसलं आहे. थर काही नॅनोमीटरचाच, पण शून्याच्या जवळ जाऊ तसा जाड होणारा. म्हणजे चौपाटीवरचा काला खट्टा काडीवर टिकतो तो फॅरडेंच्या बाजूनं साक्ष देत!

लादीचंही एक गणित आहे. पाणी गोठताना स्फटिकाच्या जाळीत परक्यांना जागा नसते. हवा, क्षार, सगळं आत आत ढकललं जातं आणि शेवटी मधोमध अडकतं. लादीच्या पोटात दिसणारा पांढरा पट्टा तो हाच. जपानी कारखाने १३५ किलोची लादी सुमारे उणे १० अंशांना, पाणी हलतं ठेवून, दोन दिवसांहून जास्त वेळ सावकाश गोठवतात, म्हणून ती आरपार दिसते. (आपल्याकडचा प्रश्न आणखी प्राथमिक होता: बर्फ खायचा की मासळीचा? महाराष्ट्रात २०१८मध्ये अखाद्य बर्फाला निळा रंग देणं बंधनकारक झालं.)

भाच्यानं मागवलेला प्रकार होता श्वेहुआबिंग, म्हणजे हिमफुलांचा बर्फ. यात पाण्याऐवजी दूध-साखरेचं मिश्रणच गोठवतात. साखरेलाही स्फटिकात शिरायला मज्जाव, त्यामुळे स्फटिकांच्या मधल्या फटींत दाट पाक न गोठता राहतो. लादी घट्ट होते पण दगड होत नाही, आणि किसल्यावर साडीच्या निऱ्यांसारख्या घड्या पडतात. वर आंबा होता, फ्लोरिडातून तैवानात आलेल्या आयर्विन जातीचा. चांगला होता. हापूसवाल्या माणसानं याहून जास्त काही बोलू नये.

माझ्या वाटीत मात्र मला खरा धक्का बसला तो आयूचा. पिवळसर, थरथरणारी जेली. आयू हा वडा-पिंपळाच्या गोतातला, फायकस प्रजातीतला एक वेल. आपल्या उंबराचा चुलतभाऊच म्हणा ना, परागीकरणासाठी स्वतःची खास गांधीलमाशी बाळगणारा. त्याच्या फळातलं वाळलेलं बी फडक्यात बांधून गार पाण्यात चोळतात, बस्स. उकळणं नाही, चीनग्रास नाही, जिलेटिन नाही. बियांवरचं पेक्टिन (जॅम घट्ट करणारा पदार्थ तो हाच) पाण्यात उतरतं, बियांतलंच एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्या पेक्टिनचे रेणू 'मोकळे' करतं आणि पाण्यातलं कॅल्शियम त्यांना एकमेकांत गुंफतं. शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी घेतलं तर जेली लागत नाही, कारण त्यात कॅल्शियमच नसतं. पाणी कडकडीत घेतलं तर विकर मरतं. आमच्या बाईंनी खुणेनं सांगितलं: हाताला तेल नको. स्वयंपाकघरातली ही शिस्त रसायनशास्त्राचं नाव घेतल्याशिवायच पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली आहे.

शेजारी अळूच्या कंदाचे गोळे आणि टॅपिओकाचे मोती. हे मोती म्हणजे आपल्या साबुदाण्याचेच भाऊबंद, दोघंही कसाव्याच्या पिठाचे. गरम असताना पाणी पिऊन फुगलेले स्टार्चचे रेणू गार झाले की पुन्हा एकमेकांना धरतात आणि दाणा टणक होतो. एकादशीची सकाळची खिचडी संध्याकाळी खाल्लेल्यांना हे वेगळं समजावायला नको. आणि इथं तर मोती थेट बर्फावर! म्हणून ते थोडे थोडे शिजवतात आणि वाटी समोर आली की गप्पा बाजूला ठेवून आधी तेच वेचायचे असतात. मी आंब्याचे फोटो काढत बसलो. दहा मिनिटांत माझ्या मोत्यांची छर्‍यांकडे वाटचाल सुरू झाली.

तळाशी पोचेपर्यंत बर्फ वितळला होता आणि जे उरलं होतं ते असह्य गोड लागलं. वाटीत कुणी साखर वाढवली नव्हती. जिभेवरच्या गोडाच्या संदेशात टीआरपीएम५ नावाच्या प्रथिनाचा वाटा असतो, आणि ते थंडीत मंदावतं. १५ अंशांपासून ३५कडे जाताना त्याचा प्रतिसाद झपाट्यानं वाढतो, असं बेल्जियममधल्या संशोधकांनी २००५मध्ये दाखवलं. बर्फावर गोड जाणवायचं तर पाक जास्त घालावा लागतो. तो दिसत नाही, फक्त वाट पाहत असतो. त्यामुळे बर्फ वितळवण्यात शरीराची ऊर्जा जळते हा भाच्याचा युक्तिवाद मी तिथंच मोडून काढला: २०० ग्रॅम बर्फ वितळवून अंगाच्या तापमानाला आणायला जेमतेम २३ किलोकॅलरी. वरून ओतलेल्या आटीव दुधाचे दोन मोठे चमचे त्याच्या कितीतरी पट.

बाईंनी माझं तोंड पाहिलं असावं. वाटीकडे बोट दाखवून त्यांनी खुणेनंच विचारलं, वर थोडा बर्फ घालू? मी मान हलवली. त्यांनी फ्रीझर उघडला, नवा तुकडा काढून ओट्यावर ठेवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.