काँग : चुनखडीवरचे गाव आणि कोरडा कालवा

आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या काँग या छोट्या गावात पर्यटक येतात ते बहुतेक १९५१ साली इथे चित्रित झालेल्या ‘द क्वाएट मॅन’ या सिनेमापायी. गावाचा खरा इतिहास मात्र पायाखालच्या चुनखडीत आहे.

उत्तरेला मास्क सरोवर, दक्षिणेला कॉरिब आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर काँग. मास्कची पातळी उंच, तरी त्याचे पाणी उघड्या नदीने खाली येत नाही. ते खडकाच्या भेगांत शिरते, जमिनीखालून वाहते आणि गावाजवळ झऱ्यांतून वर उसळते. नेमक्या याच पट्टीतून, बटाट्याच्या दुष्काळात, १८४८ साली कालवा खणायला घेतला. लोकांना रोजगार मिळावा आणि दोन्ही सरोवरांत बोटींची ये-जा व्हावी, हा बेत. बोटी चढवण्या-उतरवण्यासाठी घडीव दगडांची लॉकही, म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करणारी दारांची कुंडेही, बांधली. १८५४ मध्ये काम थांबले. भेगाळ तळात पाणी टिकेना हे एक कारण. वाढता खर्च आणि रेल्वे ही बाकीची. सगळे खापर दगडावर फोडण्यात अर्थ नाही. हिवाळ्यात कालव्यात पाणी चढते, म्हणून लॉकचे बांधकाम बघायचे तर कोरड्या उन्हाळ्यात जावे.

गावातल्या ख्रिस्ती मठाची मुळे सातव्या शतकातल्या संत फेखिनपर्यंत जातात. आज उभे आहेत ते बाराव्या-तेराव्या शतकातल्या ऑगस्टिनियन पंथाच्या मठाचे अवशेष. आयर्लंडचा शेवटचा महाराजा रुअरी ओ’कॉनर अखेरीस इथेच येऊन राहिला आणि ११९८ मध्ये वारला. ओवरीतले सगळेच कोरीवकाम मात्र मध्ययुगीन समजू नये. बिअरसाठी प्रसिद्ध असलेल्या गिनेस घराण्याने १८५२ साली शेजारचा ॲशफर्ड किल्ला घेतला आणि मठाची डागडुजीही केली.

मठाची नदीकाठची मासेमारीची खोली छोटी, पण डोकेबाज. ती पाण्यावरच्या दगडी चौथऱ्यावर आहे. खाली कमान, जमिनीत चौकोनी भोक. त्यातून जाळे सोडायचे. शेकोटीची सोयही आहे. मासा लागला की मुदपाकखान्यातली घंटा वाजावी म्हणून दोरी बांधलेली असे, ही मात्र सांगोवांगी.

काँगचा प्रसिद्ध क्रूस शोधायला गावात फिरू नका. ११२३ च्या सुमारास राजा टरलो ओ’कॉनरसाठी घडवलेला, ओकच्या गाभ्यावर कांस्याचे पत्रे चढवलेला आणि मधोमध स्फटिक बसवलेला हा क्रूस १८३९ साली जेम्स मॅककुलाह या गणितज्ञाने विकत घेऊन रॉयल आयरिश अकादमीला दिला. आता तो डब्लिनला, किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बाजूच्या पट्ट्यांवरचा लेख जरूर पाहा : राजाच्या नावासोबत कारागिराचेही नाव कोरले आहे.