विद्यापीठात एजन्सीमार्फत भरती: सामायिक दरकरार कसा होतो, कागदपत्रं कोणती लागतात

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शासकीय आणि निमशासकीय कार्यालयांना मनुष्यबळ पुरवण्यासाठी नऊ एजन्सींची यादी काढली. राज्यभर ओरड झाली आणि २० ऑक्टोबर २०२३ ला तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो शासन निर्णय रद्द करत असल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून ‘एजन्सीची भरती बंद झाली’ असं बरेच जण धरून चालतात. बंद झाली ती राज्याची यादी. विद्यापीठं आणि महाविद्यालयं सफाई, पहारा, बागकाम, डेटा एंट्री अशा कामांसाठी आपापल्या निविदेतून माणसं घेतातच.

दरकरार म्हणजे ठरावीक मुदतीसाठी ठरवलेले दर आणि अटी. सामायिक दरकरारात एक संस्था पुढाकार घेऊन निविदा काढते आणि बाकीच्या त्याच दराने स्वतंत्र कार्यादेश देतात. ब्रिटनमध्ये ही पद्धत चांगली रुळलेली आहे. तिथल्या विद्यापीठांचे प्रदेशवार खरेदी-संघ आहेत. एजन्सींची पात्रता संघ एकदाच तपासतो. मग विद्यापीठ यादीतून थेट निवड करतं किंवा त्या यादीतल्यांपुरती छोटी स्पर्धा घेतं. शिवाय एजन्सीचा माणूस एका जागी बारा आठवडे राहिला, की पगार आणि कामाचे तास यांत त्याला कायम कर्मचाऱ्यासारखीच वागणूक द्यावी लागते.

कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. इथल्या संस्थांनी असा करार करायचा म्हटला, तर आधी प्रत्येकीने आपली मागणी लेखी द्यायला हवी: कोणतं काम, किती माणसं, किती पाळ्या. खरेदी समितीची मान्यता आणि अंदाजपत्रकातली तरतूदही प्रत्येकीची वेगळी लागते. त्यानंतर महाटेंडर्स (राज्याचं ई-निविदा पोर्टल) किंवा जेम (केंद्राचं सरकारी खरेदीचं पोर्टल) यावर निविदा निघते. तांत्रिक लिफाफा, म्हणजे पात्रतेची कागदपत्रं, आधी उघडतात आणि त्यात पास होणाऱ्यांचाच आर्थिक, म्हणजे दराचा, लिफाफा उघडला जातो.

शिक्षक या करारात बसत नाहीत. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक संस्था स्वतः निवड समितीमार्फत नेमते. कंत्राटी शिक्षक एकूण शिक्षकांच्या दहा टक्क्यांवर नसावेत, असं यूजीसीचे २०१८ चे नियम सांगतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांमध्येही (नवे कामगार कायदे) आस्थापनेच्या मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार लावायला सर्वसाधारण मनाई आहे. सफाई, पहारा, उपाहारगृह, बागकाम ही कामं त्या व्याख्येबाहेर ठेवली आहेत.

एजन्सीने जोडायची कागदपत्रं बहुतेक निविदांत सारखीच असतात: पॅन, जीएसटी नोंदणी, दुकाने व आस्थापना नोंदणी (आपला गुमास्ता), पीएफ आणि ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा) कोड, व्यवसाय कर नोंदणी, तीन वर्षांची आयकर विवरणं, सीएचा उलाढालीचा दाखला, आधीच्या कामांचे कार्यादेश आणि अनुभवाचे दाखले, काळ्या यादीत नसल्याचं प्रतिज्ञापत्र. कंत्राटी कामगार कायद्याने ठरवलेल्या संख्येइतके किंवा त्याहून जास्त असतील तर कामगार विभागाचा परवाना लागतो. पहारेकरी पुरवायचे असतील तर खासगी सुरक्षा एजन्सीचा परवाना वेगळा. महाटेंडर्सवर निविदा भरायला क्लास ३ डिजिटल सही हवी. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या छोट्या एजन्सींनी बयाणा रकमेची, म्हणजे निविदेसोबत भरायच्या अनामतीची, सवलत आहे का, ते निविदेतच पाहावं.

खरी मेख दरात असते. समजा, पगार महिना १५,००० रुपये आहे. त्यावर मालकाचा पीएफ, प्रशासकीय खर्च धरून, १३ टक्के म्हणजे १,९५० रुपये आणि ईएसआय ३.२५ टक्के म्हणजे ४८८ रुपये. बेरीज १७,४३८. एजन्सीचं सेवाशुल्क ५ टक्के धरलं तर ८७२, आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी ३,२९६. संस्थेला तो माणूस २१,६०६ रुपयांना पडतो. त्याच्या हातात मात्र पीएफचे १,८००, ईएसआयचे ११३ आणि व्यवसाय कराचे २०० वजा जाऊन १२,८८७ येतात. बोनस, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार या हिशेबात धरलेलाच नाही.

यातला स्पर्धेचा आकडा एकच, सेवाशुल्क. किमान वेतन, पीएफ, ईएसआय, जीएसटी कायद्याने ठरलेले. तरी शून्याच्या जवळपास सेवाशुल्क भरणारे निघतात आणि सर्वात कमी दर म्हणून काम घेऊन जातात. हा धंदा चालतो कशावर, हे समितीने विचारायलाच हवं. माझ्या मते निविदेतच सेवाशुल्काची किमान मर्यादा घालावी. नाहीतर ती तूट कामगाराच्या पगारातून किंवा न भरलेल्या पीएफमधून वसूल होण्याची भीती राहते.

सामायिक करारात आणखी एक गैरसमज हमखास होतो. निविदा पुढाकार घेणाऱ्या संस्थेने काढली, म्हणजे जबाबदारीही तिचीच, असं इतर संस्था समजतात. पण ज्या संस्थेत माणूस काम करतो ती त्याची मुख्य मालक. एजन्सीने पगार बुडवला तर तो त्या संस्थेला द्यावा लागतो, मग तिने एजन्सीकडून वसूल करावा. हे जुन्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातही होतं, नव्या संहितेतही आहे. म्हणून मासिक बिलासोबत बँकेतून पगार जमा झाल्याची यादी आणि नावनिशीवार पीएफ-ईएसआय चलन घेतल्याशिवाय लेखा विभागाने बिल पुढे सरकवू नये. एकूण रकमेचं चलन पुरत नाही. त्यात दुसऱ्या साइटवरची माणसं मिसळलेली असू शकतात.

एजन्सीसाठीही एक सूचना: करारात नाव आलं म्हणजे काम मिळालं असं नाही. कार्यादेश हातात येईपर्यंत माणसं भरू नका.

उमेदवाराकडे आधार, पॅन, बँक पासबुक, शिक्षणाचे दाखले, पोलीस पडताळणी आणि आधी कुठे काम केलं असेल तर यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, असावा. नोकरी लावण्यासाठी पैसे मागितले तर देऊ नका, संस्थेकडे लेखी तक्रार करा. नियुक्तिपत्र मागून घ्या, तो आता कायदेशीर हक्क आहे. दरकरार संपून एजन्सी बदलली तरी यूएएन तोच राहतो. नव्या एजन्सीला तोच क्रमांक द्या, म्हणजे दुसरा उघडला जाणार नाही. जुन्या एजन्सीने काम सोडल्याची तारीख भरली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती पीएफच्या पोर्टलवर स्वतःच भरता येते.