तुमचं वजन किती असावं, हे ठरवलं कोणी?

पुरुष, उंची १७० सेंटीमीटर. एवढीच माहिती घेऊन निरनिराळ्या सूत्रांकडे गेलं तर एक सूत्र सांगतं, ७० किलो. दुसरं सांगतं, ६६. तिसरं ५३.५ ते ७२ अशी ऐसपैस पट्टी दाखवून मोकळं होतं. आणि माणूस आशियाई असेल तर साडेसहासष्टच्या पुढे जपून राहा, असा चौथा सल्ला मिळतो. वजन कमी करायचं मनावर घेतलेला माणूस यातला एक आकडा उचलतो, बहुधा सगळ्यात लहान, आणि त्याच्या मागे लागतो. पण ‘या एका माणसानं आपलं वजन किती ठेवावं’ या प्रश्नाचं उत्तर म्हणून यातला एकही आकडा काढलेला नव्हता. कुणाला लोकसंख्येची सरासरी हवी होती, कुणाला विम्याचा धोका मोजायचा होता, तर कुणाला औषधाचा डोस ठरवायचा होता.

माणसाला नेमानं काट्यावर बसवण्याचा मान इटलीतल्या पडुआचे वैद्य सान्तोरियो यांचा. त्यांनी तराजूला टांगलेली खुर्ची करून घेतली आणि अनेक वर्षं जेवणाआधी, जेवणानंतर, झोपून उठल्यावर स्वतःचं वजन केलं. त्यांचं पुस्तक १६१४ साली आलं. त्यांना छळणारा प्रश्न वेगळाच होता: पोटात जातं त्या मानानं बाहेर पडणारं एवढं कमी कसं, बाकीचं जातं कुठे? जाड आणि बारीक यांच्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

उंचीशी वजनाची सांगड घातली ती बेल्जियमच्या अॅडॉल्फ केटले यांनी. मूळचे खगोलशास्त्रज्ञ. ग्रहताऱ्यांच्या निरीक्षणातल्या चुकांना जे गणित लावतात ते माणसांना लावून पाहावं, अशी त्यांची ओढ होती. १८३५ साली त्यांनी नोंदवलं की मोठ्या माणसांचं वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. किलोला मीटरच्या वर्गानं भागायचं, हे आज ज्याला आपण बीएमआय म्हणतो त्याचं मूळ इथे आहे. केटले शोधत होते तो ‘सरासरी माणूस’. लठ्ठपणा त्यांच्या डोक्यातही नव्हता.

सेंटीमीटरमधल्या उंचीतून शंभर वजा करा, हा सोपा ठोकताळा त्याच शतकातले फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांच्या नावावर खपतो. वरचे ७० किलो आले ते इथून. तोंडी हिशेब होतो म्हणून तो टिकला. बुटक्या आणि फार उंच माणसांच्या बाबतीत तो भरकटतो.

खरी उलथापालथ केली विमा कंपन्यांनी. विम्याचा प्रश्न रोखठोक असतो: हा माणूस पुरेसे हप्ते भरायच्या आत मरेल का? अमेरिकेतल्या कंपन्यांकडे पॉलिसी काढतानाची उंची, वजन आणि नंतर मृत्यूचं साल अशा लाखो नोंदी पडून होत्या. १९१२ साली कंपन्यांच्या डॉक्टरांनी आणि गणितज्ञांनी मिळून त्यांचा मोठा अभ्यास छापला. पुढे मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ ल्यूइस डब्लिन यांनी त्यावर कळस चढवला. वय वाढतं तसं लोकांचं सरासरी वजनही वाढतं, हे सगळ्यांना दिसत होतंच. डब्लिन यांचं म्हणणं असं की सरासरी म्हणजे चांगलं असं समजू नका. पंचविशी-तिशीत जे वजन योग्य तेच जन्मभर ठेवणारे जास्त जगतात. यातून १९४२ साली बायकांसाठी आणि १९४३ साली पुरुषांसाठी ‘आदर्श वजना’चे तक्ते निघाले.

हा तक्ता जवळून बघण्यासारखा आहे. उंचीच्या प्रत्येक ओळीत तीन रकाने: लहान बांधा, मध्यम बांधा, मोठा बांधा. आता आपला बांधा कोणता हे ओळखायचं कसं? ते तक्त्यात दिलेलंच नव्हतं. ज्यानं त्यानं आरशात बघून ठरवायचं, आणि माणसाचा स्वभाव पाहता किती जणांनी ‘मोठा’ रकाना गाठला असेल याची कल्पना करता येते. वजनं अंगावरच्या कपड्यांसकट आणि उंची बुटांसकट. १९५९ च्या सुधारित तक्त्यात तर बायकांच्या उंचीत दोन इंची टाचा धरल्या होत्या. बांधा मोजायची रीत यायला १९८३ उजाडलं; तेव्हा कोपराच्या हाडाची रुंदी मोजा असं सांगण्यात आलं.

आणि या नोंदी कुणाच्या होत्या? विमा परवडणाऱ्यांच्या, म्हणजे बहुतांशी गोऱ्या, शहरी, बऱ्या परिस्थितीतल्या लोकांच्या. वजन झालं ते एकदाच, पॉलिसी काढताना. काहींनी तर ते तोंडीच सांगितलेलं. पुढच्या वीस वर्षांत त्या माणसाचं वजन वाढलं की उतरलं, तो सिगरेट ओढत होता की नाही, याचा हिशेब धड नव्हता. कंपनीच्या कामाला एवढं पुरेसं होतं, हेही मान्य करायला हवं. हजारोंच्या गठ्ठ्यात कुणाला हप्ता जास्त लावायचा, एवढंच तिला ठरवायचं होतं. पण तक्ता दवाखान्याच्या भिंतीवर चढला आणि त्यातला आकडा समोर बसलेल्या पेशंटचं ध्येय झाला. तक्त्यापेक्षा २० टक्के जास्त म्हणजे लठ्ठ, ही व्याख्या कित्येक वर्षं चालली. १९८३ साली नव्या आकडेवारीवरून कंपनीनं बऱ्याच रकान्यांतली वजनं वर सरकवली, तेव्हा जुनाच तक्ता बरा म्हणणारे डॉक्टरही निघाले.

६६ किलोची कथा आणखी मजेशीर. १९७४ साली बेन डेव्हाइन यांनी जेंटामायसिन या अँटिबायोटिकवरच्या लेखात एक सूत्र दिलं: पुरुषासाठी पाच फुटांना ५० किलो आणि वरच्या प्रत्येक इंचाला २.३ किलो, स्त्रीसाठी सुरुवात ४५.५ किलोपासून. हे औषध चरबीत फारसं शिरत नाही, त्यामुळे जाड माणसाला काट्यावरच्या वजनानुसार डोस दिला तर जास्त होऊन मूत्रपिंडाला इजा व्हायची भीती. म्हणून चरबी बाजूला ठेवून हिशेबाला एक ‘आदर्श’ वजन हवं होतं. अतिदक्षता विभागात श्वासयंत्रावर किती हवा द्यायची हेही आज अशाच सूत्रानं ठरतं, कारण फुप्फुसाचा आकार उंचीनुसार असतो, पोटाच्या घेरानुसार नाही. तिथे ते चोख काम करतं. पण हेच सूत्र ‘तुमचं आदर्श वजन’ म्हणून जिममध्ये आणि मोबाइल अॅपमध्ये फिरतं, याला काही आधार नाही.

बीएमआयला त्याचं आजचं नाव मिळालं १९७२ साली, अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ अॅन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखातून. विम्याच्या तक्त्यांवर कीज यांचा विश्वास नव्हता. त्यांनी पाच देशांतल्या सुमारे ७,४०० पुरुषांची मापं घेऊन, उंची-वजनाचं कोणतं गुणोत्तर चरबीशी जास्त जुळतं ते तपासलं. केटले यांचं जुनं सूत्र त्यातल्या त्यात बरं ठरलं. शिफारस एवढीच, आणि तीही लोकसमूहांच्या अभ्यासासाठी. त्या अभ्यासात एकही स्त्री नव्हती.

वजन फार खाली नेलं तर काय होतं, हेही कीज यांनी फार आधी पाहून ठेवलं होतं. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना त्यांनी सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. वजन जवळपास चतुर्थांशानं उतरलं. हे तरुण दिवसभर खाण्याचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, चिडचिडे आणि उदास झाले, थंडी सोसेना. बारीक झालेलं शरीर आपोआप निरोगी असतं हा समज त्या एका प्रयोगानंतर टिकायला नको होता.

बीएमआयच्या सीमारेषा कशा आखल्या गेल्या ते बघितलं की त्यांचा दरारा थोडा कमी होतो. १९८५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेनं पुरुषांसाठी २७.८ आणि स्त्रियांसाठी २७.३ ही वजन जास्त असल्याची रेघ धरली. कारण? विशीतल्या अमेरिकनांपैकी ८५ टक्के लोक त्या रेघेखाली होते. १९९८ साली जागतिक आरोग्य संघटनेशी मेळ घालून ती रेघ दोघांसाठीही २५ वर आली, आणि अडीच कोटींहून जास्त अमेरिकन एक ग्रॅमही न वाढता ‘जास्त वजनाचे’ ठरले. १७० सेंटीमीटरच्या पुरुषाची मर्यादा ८० किलोंवरून ७२ वर उतरली. मधल्या काळात, १९९० च्या अमेरिकी आहारसूचनांनी पस्तिशीनंतर थोडं जास्त वजन चालेल असं म्हटलं होतं. १९९५ मध्ये ती सवलत काढून घेतली. आजही वयस्कर माणसांच्या बाबतीत किंचित वरचं वजन बरं का, हा वाद मिटलेला नाही. २०१३ साली कॅथरीन फ्लेगल आणि सहकाऱ्यांनी ९७ अभ्यास एकत्र करून दाखवलं की २५ ते ३० या पट्टीतल्या लोकांचं मृत्यूचं प्रमाण ‘सामान्य’ म्हणजे १८.५ ते २५ या पट्टीतल्यांपेक्षा थोडं कमीच आहे. त्यावर गदारोळ झाला. २०१६ मध्ये दुसऱ्या मोठ्या गटानं धूम्रपान करणारे आणि आधीपासून आजारी असलेले वगळून हिशेब मांडला, तर सगळ्यात कमी धोका पुन्हा २० ते २५ मध्ये आला. गणित कुणाचंच चुकलेलं नव्हतं. कुणाला मोजायचं आणि कुणाला वगळायचं यावर उत्तर फिरलं.

आशियाई लोकांना त्याच बीएमआयला मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका जास्त, हे दिसल्यावर २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २३ आणि २७.५ हे सावध होण्याचे टप्पे सुचवले. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा, सचित्र लेख आला. भारतीय डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन शेजारीशेजारी उभे. दोघांचाही बीएमआय नेमका २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. एवढ्या एका फोटोनं जे काम केलं ते कैक तक्त्यांनी केलं नसेल.

चरबी किती यापेक्षा ती कुठे साठते हे जास्त महत्त्वाचं, हे फ्रान्समधल्या मार्सेल शहराचे डॉक्टर झाँ वाग यांनी १९४७ मध्येच लिहिलं होतं: पोटावरची चरबी मधुमेहाकडे नेते, मांड्या-कुल्ल्यांवरची तितकी नाही. त्याकडे लक्ष जायला ऐंशीचं दशक यावं लागलं, स्वीडनमधल्या अभ्यासांमुळे. आता ब्रिटनची अधिकृत सूचना आहे की कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी ठेवा. म्हणजे आपल्या १७० सेंटीमीटरवाल्यासाठी ८५ च्या आत. मोजपट्टी पुरते, काटाही लागत नाही.

पण या सगळ्यात ‘मी किती उतरवू’ हा प्रश्न तसाच राहिला होता. त्याला थेट हात घातला तो नव्वदच्या दशकात. १९९७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी उपचाराला आलेल्या ६० लठ्ठ स्त्रियांना आधीच विचारलं, तुम्हाला किती वजन गाठायचंय? उत्तराची सरासरी निघाली आहे त्या वजनातून ३२ टक्के कमी. स्वप्नातलं वजन, समाधानाचं, चालून जाईल असं आणि निराशा करणारं, अशा चार पायऱ्याही त्यांच्याकडून लिहून घेतल्या. ४८ आठवड्यांत सरासरी १६ किलो उतरले. कुठल्याही डॉक्टरच्या लेखी हे घवघवीत यश. तरी जवळपास निम्म्या जणी स्वतःच ठरवलेल्या ‘निराशे’च्या पायरीपर्यंतही पोचल्या नव्हत्या.

त्याच सुमारास दुसऱ्या बाजूनं पुरावा जमत होता. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ लोकांवर झालेल्या अमेरिकी चाचणीत एका गटाला ध्येय दिलं होतं फक्त ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम. २००२ मध्ये निकाल आला: नुसत्या दिखाऊ गोळ्या घेणाऱ्या गटापेक्षा या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी. हे लोक सरासरी ९४ किलोंचे, बीएमआय ३४. सात टक्के उतरवून माणूस साडेसत्त्याऐंशीवर येतो, बीएमआय साडेएकतीसच्या आसपास. तिशीच्या वरचा बीएमआय म्हणजे लठ्ठ, त्यामुळे तक्त्यात तो अजूनही लठ्ठच. मला या इतिहासातला सगळ्यात मोलाचा वळणबिंदू हा वाटतो, कारण इथे पहिल्यांदा ध्येय तक्त्यावरून आलं नाही, ते आजाराला किती फरक पडतो यावरून आलं. रक्तातली साखर आणि रक्तदाब यांना ५ ते १० टक्के घटही जाणवते. मधुमेह जुना नसेल आणि तो मागे हटवायचा असेल तर मात्र जास्त लागते: २०१७ च्या ब्रिटिश चाचणीत १५ किलो किंवा जास्त उतरवणाऱ्यांपैकी ८६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षभरात औषधांशिवाय आटोक्यात आला होता. दुखरे गुडघे, झोपेत अडणारा श्वास, प्रत्येकाचा हिशेब निराळा निघतो.

२०२५ च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या आयोगानं हाच धागा पुढे नेला. नुसत्या बीएमआयवरून निदान करू नका, कंबर मोजा किंवा चरबी मोजा, आणि जादा चरबीनं अवयवांच्या कामात किंवा रोजच्या हालचालीत बिघाड झालाय का ते पाहा, असं त्यांचं म्हणणं.

वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांनी मात्र जुना प्रश्न परत उघडलाय. सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, टर्झेपेटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसनं २०२२ मध्ये २० टक्क्यांच्या वर. ‘निराशेचं वजन’ आता अनेकांच्या आवाक्यात आहे, काहींच्या तर समाधानाचंही. पण उतरलेल्यात स्नायूही असतात, आणि सेमाग्लुटाइड थांबवल्यावर एका वर्षात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं. त्यामुळे ध्येय ठरवताना कितीपर्यंत जाता येईल याच्या जोडीला एक प्रश्न आता डॉक्टरांनाही विचारावा लागतो: त्यातलं किती, कशाच्या आधारानं आणि किती वर्षं टिकवणार?